पहाटे पाय लुळे, रक्तात पोटॅशियम कमी: मग ते झटपट भरून का काढत नाहीत?

रात्री लग्नात पोटभर जेवण झालं, पहाटे जाग आली तर पाय उचलत नाहीत. शुद्ध पूर्ण आहे, बोलताही येतंय. रक्ततपासणीत पोटॅशियम कमी निघालं, तर थायरॉईडही तपासायला हवा. हा 'थायरोटॉक्सिक पिरियॉडिक पॅरालिसिस' असू शकतो. तो मुख्यतः २० ते ४० वयाच्या पुरुषांत दिसतो.

नेमकं काय होतं?
थायरॉईडचं हार्मोन वाढलं की पोटॅशियम पेशींत ओढणारे पंप जोरात चालतात. गोड किंवा भरपेट जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन त्यांना आणखी पळवतं. म्हणजे पोटॅशियम शरीरातून गेलेलं नसतं, रक्तातून स्नायूंत गेलेलं असतं.

धोका कुठे आहे?
झटका ओसरताना तेच पोटॅशियम रक्तात परत येतं. त्यात बाहेरून दिलेल्याची भर पडली, तर पातळी एकदम वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हृदय बंदही पडू शकतं. काही अभ्यासांत पोटॅशियम दिलेल्या १० पैकी साधारण ४ रुग्णांत पातळी अशी वर गेली.

मग द्यायचंच नाही का?
द्यावं लागतं, कारण फार कमी पोटॅशियमही हृदयाला घातक असतं. पण बेताने: शिरेतून साधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत, एकूण शक्यतो ५० च्या आत, ईसीजीवर लक्ष ठेवून आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासून. ते ग्लुकोजच्या सलाईनमधून देणं टाळतात, कारण ग्लुकोजने इन्सुलिन वाढतं. डॉक्टर प्रोप्रॅनोलॉलही देतात. दमा असेल तर आधीच सांगा.

पिंपळनेरसारख्या गावात काय कराल?
घरी केळी, नारळपाणी, सिरप देत बसू नका. 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईन लावून घेऊ नका. मण्यार चावल्यावरही पहाटे असाच लुळेपणा येतो आणि दंश कळतही नाही. म्हणून लगेच १०८ ला फोन करा. ईसीजी आणि पोटॅशियमची वारंवार तपासणी जवळ होत नसेल, तर साक्रीमार्गे धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांना हे सांगा: वजन घटलंय का, छातीत धडधड, हात थरथरणं, जास्त घाम, याआधी असा झटका.

पुन्हा होऊ नये म्हणून?
पोटॅशियमच्या रोजच्या गोळ्यांनी हे झटके थांबत नाहीत. थायरॉईड ताब्यात आला की थांबतात.