घराची ऊब आणि तेलाचा भाव

१/ ऑक्टोबर १९७३. अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. पेट्रोलपंपांवरील रांगा जगाने पाहिल्या. परंतु हिवाळ्यात असंख्य घरेही याच तेलावर ऊबदार राहत आणि ती ऊब छतातून व खिडक्यांच्या फटींतून निसटून जाई.

२/ फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले. घरातील तापमान दिवसा ६५ व रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवावे, असे आवाहन त्यांनी केले. पण उपदेशाने फटी बुजत नाहीत. त्यासाठी पैसा लागतो.

३/ ९ नोव्हेंबर १९७८ रोजी ऊर्जा कर कायद्यावर स्वाक्षरी झाली. छतात उष्णतारोधक थर बसवणे, फटी बुजवणे, खिडक्यांना जादा काचेची तावदाने लावणे अशा कामांच्या पहिल्या २,००० डॉलर खर्चावर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर सवलत मिळू लागली. २० एप्रिल १९७७ पासूनचा खर्चही ग्राह्य धरला गेल्याने, कायद्याची वाट न पाहता काम उरकणाऱ्यांचे नुकसान झाले नाही.

४/ ही सवलत उत्पन्नातून नव्हे, थेट देय करातून वजा होई. मर्यादा तिथेच होती. ज्याचे उत्पन्न इतके तुटपुंजे की करच लागत नाही, त्याच्या हाती काहीच पडत नसे. अशा कुटुंबांच्या घरांची डागडुजी सरकारी खर्चाने करण्याची निराळी योजना १९७६ च्या कायद्याने सुरू केली होती.

५/ जून १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेल बसली. १९८० मध्ये घरगुती सौरयंत्रणेवरील सवलत ४० टक्के, कमाल ४,००० डॉलर झाली.

६/ मग तेल स्वस्त होऊ लागले. १९८५ अखेर या सवलतींची मुदत संपली व ती वाढवली गेली नाही. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. त्याच वर्षी छपराच्या दुरुस्तीसाठी उतरवलेली ती पॅनेल तेथे पुन्हा चढली नाहीत.

७/ तेल महागत असताना, २००५ च्या कायद्याने घरांसाठीची सवलत परत आणली. २०२२ मध्ये ती ३० टक्क्यांवर गेली आणि जुलै २०२५ च्या कायद्याने ती २०२५ अखेर संपवली.

८/ एकदा बांधलेले घर अर्धशतक सहज उभे राहते. त्याच्या भिंतींसाठी आखलेले धोरण मात्र बाजारभाव आणि सत्ता यांच्याबरोबर बदलत राहिले. छतात एकदा बसलेला थर तेवढा, कायदा गेल्यावरही, दर हिवाळ्यात इंधन वाचवत राहतो.