नायक कोणाला म्हणायचं? भगवानदादांची पडद्यावरची वाटचाल



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने सिनेमावर काय बोलावं, असं आपल्यापैकी काहींना वाटत असेल. पण नायक म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे नायकाचे चार प्रकार नाट्यशास्त्राच्या परंपरेत सांगितले आहेत. ठेंगणा, गोलमटोल, हसवणारा माणूस यातल्या एकाही खणात बसत नाही. त्याच्यासाठी विदूषकाची जागा राखलेली असते. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, ते भगवान आभाजी पालव ही चौकट मोडून नायक झाले.

त्यांचा जन्म 1913 सालचा, अमरावतीचा. म्हणजे आपल्याच वऱ्हाडातला. वडील मुंबईत कापडगिरणीत कामगार होते. मूकपटांचा काळ संपत आला होता, तेव्हा हा मुलगा सिनेमात शिरला. 1938 च्या ‘बहादुर किसान’पासून दिग्दर्शनही करू लागला. पुढची दहा-बारा वर्षं त्याने कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढले. पांढरपेशा प्रेक्षक तिकडे फिरकत नसे. ते बघायला येई तो गिरणीतला, गोदीतला कष्टकरी. 1942 मध्ये त्यांनी ‘जागृती’ ही स्वतःची संस्था काढली, आणि पुढे चेंबूरला स्टुडिओ उभा केला.

याच 1942 सालातली एक गोष्ट वगळून पुढे जाता येणार नाही. एका चित्रीकरणात भगवानदादांनी नायिकेला थप्पड मारायची होती. ती इतकी जोरात बसली की ललिता पवार यांच्या चेहऱ्याला लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. त्यांना काही वर्षं उपचार घ्यावे लागले आणि नायिकेच्या भूमिका सुटल्या. पुढे त्या ‘अनाडी’मध्ये आणि दूरदर्शनच्या ‘रामायणा’तली मंथरा म्हणून घराघरांत पोचल्या, हे त्यांचं कर्तृत्व. त्या थप्पडेमागे द्वेष नव्हता, तो अपघात होता. पण त्याची किंमत मोजली ती बाईंनी. मारधाडीच्या चित्रपटांचा इतिहास लिहिताना ही किंमतही लिहिली पाहिजे.

आता 1951 कडे येऊ. राज कपूर यांनी भगवानदादांना सांगितलं, की मारधाड पुरे, आता सामाजिक चित्रपट काढ. त्यातून ‘अलबेला’ झाला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही तेच. नायिका गीता बाली. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. भगवानदादांच्याच ‘सुखी जीवन’ने त्यांना हिंदीत संगीतकार म्हणून उभं केलं होतं. ‘अलबेला’त नायकाचा आवाजही चितळकरांचाच.

त्याच वर्षी ‘आवारा’ आला, ‘बाझी’ आला. राज कपूर आणि देव आनंद दोघेही देखणे, उंचेपुरे. त्यांच्या शेजारी हा प्यारेलाल! गरीब घरातला, नाटकाचं वेड घेतलेला, घर सोडून जाणारा. नाव मिळवतो, पण घरी पाठवलेला पैसा घरच्यांना मिळतच नाही. पोटासाठी गाव सोडून मुंबई गाठलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नव्हती. मनीऑर्डर पोचली का, हीच तर त्याची रोजची काळजी.

आणि तो नाच! तो बघा बरं का नीट. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. छोटी पावलं, खांद्याची हालचाल, अधांतरी डोलणारे हात. हा नाच कोणालाही जमतो. शास्त्रीय नर्तकाला आपण दाद देतो, भगवानदादांबरोबर मात्र नाचू लागतो. अमिताभ बच्चन यांच्या नाचावर त्यांची छाप आहे, असं अनेकांनी म्हटलं आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती वरातीतल्या बँडसमोर नाचणाऱ्या, जन्मात नाच न शिकलेल्या मामा-काकांवरची छाप. माझ्या मते भगवानदादांचं नायकपण इथे आहे. आपल्यातलाच एक, आपल्याला जमेल असं काही करतो, आणि त्याला कोणी हसत नाही.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. ‘झमेला’, ‘भागम भाग’, ‘लाबेला’ असे चित्रपट आले, पण ते यश परत आलं नाही. स्टुडिओ गेला, जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ यांत दुय्यम भूमिका, आणि नंतर तर गाण्यात क्षणभर नाचून जाणारा म्हातारा एवढंच काम उरलं. दादरच्या चाळीत राहून 4 फेब्रुवारी 2002 रोजी ते गेले.

यावर लोक मान हलवून म्हणतात, ‘नशीब! पैसा टिकवता आला नाही.’ मला हे पटत नाही. आपल्याला नीतिकथा आवडते, म्हणून आपण कारण शोधायचं सोडतो. जो माणूस स्वतःच निर्माता, स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच नायक आणि स्टुडिओचा मालकही, त्याचा एक चित्रपट पडला की चारही धंदे एकदम बुडतात. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सगळा पैसा एकाच पिकात घातलेला, आणि पाऊस गेला, तर त्याला आपण उधळ्या म्हणतो का?

म्हणून माझं मागणं एवढंच. बंगल्यातून चाळीत आलेला माणूस म्हणून भगवानदादांना आठवू नका. चाळीतल्या माणसाला पडद्याच्या मधोमध उभं करणारा माणूस म्हणून आठवा. त्यांच्या आयुष्यात बंगला थोडीच वर्षं होता. तो नाच अजून आहे. येत्या लग्नसराईत बँड वाजू लागला, की स्वतःच बघून घ्या.