दीड रुपयाचे आमिष

१/ १८९३. मुंबईचा कापूस जपानच्या सूतगिरण्यांकडे नेण्याची मक्तेदारी पी. अँड ओ. ही ब्रिटिश कंपनी व तिच्या मोजक्या युरोपीय साथीदारांकडे होती. भाडे टनामागे सुमारे १७ रुपये.

२/ ही कोंडी फोडण्यासाठी जमशेटजी टाटा जपानला गेले. उद्योजक शिबुसावा एइची यांच्या पुढाकाराने निप्पॉन यूसेन काइशा या कंपनीची जहाजे मुंबईला येऊ लागली. आपला कापूस याच जहाजांतून आणण्याचा करार जपानी गिरणीमालकांच्या संघाने केला.

३/ प्रतिस्पर्ध्यांनी भाडे दीड रुपयापर्यंत पाडले. मुंबईचे व्यापारी स्वस्ताईकडे वळले. राज्यकर्त्यांचेही पाठबळ नसल्याने टाटांना आपली जहाजे बंद करावी लागली.

४/ जपानी गिरण्यांनी मात्र जास्त भाडे सोसून शब्द पाळला. १८९६ मध्ये प्रतिस्पर्ध्यांना समेट करावा लागला. उगवत्या राष्ट्राला स्वतःचा सागरी मार्ग मिळाला.

५/ सुमारे ५०० उद्योगसंस्थांशी संबंधित असलेले शिबुसावा सांगत, की कन्फ्यूशियसची शिकवण आणि हिशेबाचा अबॅकस एकत्र नांदले, तरच संपत्ती टिकते. या भाडेयुद्धात त्याचा प्रत्यय आला: परस्परविश्वास हेही भांडवलच असते, फक्त त्याचा परतावा उशिरा मिळतो.

६/ पण याच गिरण्यांत तरुण मुली रात्रपाळीत राबत होत्या. स्त्रियांची रात्रपाळी बंद झाली १९२९ मध्ये. जहाज कंपनीला दिलेला शब्द पाळणाऱ्या नीतीला कामगार मुलीच्या झोपेपर्यंत पोहोचायला आणखी ३६ वर्षे लागली. राष्ट्राच्या उत्कर्षाचा ताळेबंद मांडताना ही बाजूही लिहावी लागते.