काठावरचे रोप आणि फुगलेली सरासरी

१/ १९१८ च्या खेडा सत्याग्रहाच्या मुळाशी एक अंदाज होता. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांपेक्षा कमी आले, तर त्या वर्षीचा सारा तहकूब होई. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. आणेवारी ठरे ती मुख्यतः नजरेने.

२/ नजरेऐवजी मोजमाप आणले ते नमुना पाहणीने. १९३७ पासून प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागाची अशी पाहणी चालवली. सगळी शेते मोजायची नाहीत. यदृच्छया निवडलेल्या जागी छोटे वर्तुळ आखायचे, तेवढेच पीक कापून तोलायचे. तुकडा लहान, म्हणून त्याच खर्चात अधिक गावे.

३/ येथे शंका काढली सातारा जिल्ह्यातील बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. फर्ग्युसनमध्ये शिकलेले, लंडनला डॉक्टरेट मिळवलेले सुखात्मे तेव्हा कृषी संशोधन परिषदेत होते.

४/ वर्तुळाच्या रेषेवरच उभे असलेले रोप आत की बाहेर? कापणारा बहुधा ते आत धरतो. यात लबाडी नाही, हात तसाच वळतो. आता हिशेब पाहा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस फूट आणि परीघही सुमारे १२.६ फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट काठ. ३३ बाय १६.५ फुटांच्या तुकड्यात मात्र ५४४.५ चौरस फुटांना ९९ फूट काठ.

५/ मुरादाबादच्या गव्हाच्या शेतांत हे पडताळले गेले. लहान तुकड्यांनी उत्पन्न फुगवून दाखवले. तुकडा मोठा झाला तशी सूज ओसरली. १९४६ मध्ये हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आला.

६/ नमुने वाढवले की सरासरी खरी होते, असे शाळकरी मुले हमखास म्हणतात. योगायोगाच्या चुका एकमेकींना खोडतात, तिथवर ते बरोबर. पण प्रत्येक तुकड्यात एकाच बाजूला झुकलेली चूक दहा हजार तुकडे घेतले तरी तेवढीच राहते. आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ ताजा असताना, रेशनच्या काळात, फुगलेला आकडा म्हणजे कोठारात नसलेले धान्य.

७/ महालनोबीसांची बाजूही पोकळ नव्हती. अतिलहान वर्तुळांचा दोष त्यांच्याही ध्यानात आला होता. वर्तुळ थोडे मोठे घ्यावे, माणसे तयार करावीत, एवढ्याने भागेल असे त्यांचे मत. दोघांत हा वाद बराच रंगला.

८/ सुखात्मे १९५१ मध्ये रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. पीक कापणी प्रयोग मात्र गावोगाव चालूच राहिले. आज पीकविम्याची भरपाई ठरवतानाही आधी टेप आणि दोरीने चौकोन आखला जातो, मग विळा चालतो.