कापसाची पेठ आणि आज्ञांची नळी

खामगांवास जलंबहून आगगाडीचा फांटा १८७० सालीं आला. कापसाची पेठ त्याहून जुनी. जिनिंगमध्यें सरकी निराळी होते, प्रेसमध्यें रुईची गांठ बांधली जाते. एकाचें काम दुसरें करूं पाहत नाहीं. शेल शिकावयास बसलेल्या बुलढाण्याकडील नवख्यास आम्ही प्रथम हेंच दाखवूं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डग्लस मॅकिलरॉय यांनीं १९६४ सालीं लिहून ठेविलें होतें कीं, प्रोग्रॅम बागेंतील नळ्यांप्रमाणें एकमेकांस जोडतां यावे. केन थॉम्प्सन यांनीं १९७३ सालीं ती सोय युनिक्समध्यें केली; तिचें चिन्ह लौकरच उभी रेघ झालें.

गांवांची यादी 'सॉर्ट'नें लावून रेघेपलीकडे 'युनिक'च्या हवालीं केली, म्हणजे पुनरुक्त नांवें गळतात. क्रम उलटविल्यास मात्र विखुरलेलीं नांवें तशींच राहतात, कारण 'युनिक' शेजारच्याच ओळी ताडून पाहतो. आमची पहिली फजिती येथेंच झाली. दुसरी महाग पडली. 'आरएम' या आज्ञेनें पुसलेली फाईल कचरापेटींत जात नाहीं, आणि काम बिनतक्रार झालें कीं मौन पाळावें हा तर युनिक्सचा शिरस्ताच! या पेठेविषयींचीं आमचीं वर्षभराचीं टिपणें गेलीं, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें.