ल्यूथरपंथ व अन्य ख्रिस्ती पंथ
२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट आदी परंपरांच्या सहा मंडळ्यांतून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. ल्यूथरपंथी मात्र बाहेर राहिले. एकीसाठी शुभवर्तमान आणि संस्कार यांवर एकमत पुरे, बाह्य विधी सारखे नसले तरी चालतील, ही त्यांची भूमिका १५३० च्या आउग्सबुर्ग मतपत्रातली. प्रभुभोजनात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, या आग्रहापायी मार्टिन ल्यूथर १५२९ मध्ये स्विस धर्मसुधारक झ्विंग्लीपासून दुरावला. या एका मुद्द्यावर तो रोमलाच जवळचा वाटतो. श्रद्धेने नीतिमान ठरण्याविषयीचा कॅथलिकांशी असलेला वाद १९९९ च्या संयुक्त जाहीरनाम्याने बराच निवळला. नागपुरातच मुख्यालय असलेल्या भारतीय चर्चच्या राष्ट्रीय परिषदेत ल्यूथरपंथीयांसोबत ऑर्थोडॉक्सही सदस्य आहेत. कॅथलिक चर्च नाही.