कंठवाले पोपट
सिटॅक्युलिडी कुलातील लांब शेपटीच्या, बहुतांशी हिरव्या पोपटांचा परस्परांशी निकट नाते असलेला गट. बहुतेक जातींत प्रौढ नराच्या गळ्याभोवती काळे किंवा रंगीत कडे असते. महाराष्ट्रात चार जाती आढळतात. कीर खेडी-शहरांत सर्वत्र दिसतो. करण पोपट आकाराने सर्वांत मोठा असून त्याच्या खांद्यावर तांबडा डाग असतो. तोईपोपटाच्या नराचे डोके जांभळट तांबडे, तर मादीचे करडे असते. निळ्या पंखांचा पोपट फक्त पश्चिम घाटात आढळतो.

हे पक्षी झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. फळे, बिया व धान्य हा त्यांचा आहार. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे व पिंजऱ्यात पाळणे गुन्हा आहे.